संघ घडवायचा की सामना जिंकायचा? अमेरिकन कॉलेज फुटबॉलबद्दल वाचकांचे प्रश्न

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या २०२५च्या हंगामात वर्षानुवर्षे मार खाणारा इंडियाना विद्यापीठाचा संघ १६-० (१६ विजय, एकही पराभव नाही) अशा कामगिरीने राष्ट्रीय विजेता झाला. त्याच हंगामाच्या मध्यावर काही नावाजलेल्या कोचना घरी बसावे लागले. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे: संघातली शिस्त, सवयी आणि एकमेकांवरचा भरवसा यांना खरेच काही किंमत आहे का, की शेवटी स्कोअरबोर्ड तेवढा खरा? निवडक प्रश्नांना इथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : कोच जेम्स फ्रँकलिन यांनी पेन स्टेट विद्यापीठाला जानेवारी २०२५ मध्ये प्लेऑफच्या (राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीच्या) उपांत्य फेरीत नेले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांचीच हकालपट्टी झाली. मग विद्यापीठे ‘टीम कल्चर’चे गोडवे कशासाठी गातात?

उत्तर : कोचची नोकरी टिकणार की जाणार, हे विजयच ठरवतो. यात आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. फ्रँकलिन यांना काढले तेव्हा करारानुसार त्यांना सुमारे ४ कोटी ९० लाख डॉलर देणे निघत होते. पुढे त्यांना दुसरीकडे नोकरी मिळाली आणि हा आकडा तडजोडीने ९० लाखांवर आला. फ्रँकलिन यांच्या हकालपट्टीनंतर दोनच आठवड्यांनी एलएसयूने (लुइझियाना स्टेट विद्यापीठाने) आपले कोच ब्रायन केली यांना निरोप दिला. तिथे देणे होते सुमारे ५ कोटी ४० लाख. २०२३ मध्ये टेक्सस ए अँड एमने जिम्बो फिशर यांना काढताना साडेसात कोटींहून अधिक रकमेची जबाबदारी अंगावर घेतली. एवढे पैसे मोजणारा माणूस वातावरणाचे गुण देत बसत नाही.

पण पेन स्टेट कसे कोसळले, ते तारखा लावून पाहा. हंगामापूर्वीच्या क्रमवारीत संघ दुसरा होता. २७ सप्टेंबरला घरच्या मैदानावर ओरेगनविरुद्ध दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये ३०-२४ असा पराभव झाला. त्यात मान खाली घालण्यासारखे काही नव्हते. पुढच्या शनिवारी मात्र तोवर चारही सामने हरलेल्या यूसीएलएने त्यांना ४२-३७ असे हरवले आणि त्याच्या पुढच्या शनिवारी नॉर्थवेस्टर्नने त्यांच्याच घरी येऊन २२-२१ असे. खेळाडू तेच होते, कोचही तेच. एका पराभवातून संघ बाहेरच आला नाही.

याच्या शेजारी ओहायो स्टेटचा २०२४चा हंगाम ठेवा. ३० नोव्हेंबरला ते मिशिगनकडून घरच्या मैदानावर १३-१० असे हरले. त्यांच्या दृष्टीने वर्षातला सर्वांत जिव्हारी लागणारा पराभव. त्यानंतर खेळाडू आणि कोच एकत्र बसले आणि आतले सगळे तोंडावर बोलले गेले. सोबत डावपेचही बदलले. मिशिगनविरुद्ध मधल्या गर्दीत धावून धावून डोके आपटले होते. प्लेऑफमध्ये टेनेसीविरुद्ध पहिल्या ड्राइव्हपासून (आक्रमणाच्या पहिल्या फेरीपासून) बाहेरच्या रिसीव्हरांकडे, म्हणजे पास झेलणाऱ्यांकडे, चेंडू फेकला. निकाल ४२-१७. मग ओरेगन, टेक्सस आणि अंतिम सामन्यात नोटर डेम, ३४-२३.

आमचे मत असे आहे: एका शनिवारचा निकाल कौशल्य, डावपेच आणि थोड्या नशिबावर जातो, तीन-चार हंगामांची बेरीज संघातल्या सवयींवर जाते. विद्यापीठ पैसे शनिवारचे मोजते. सवयी मोजायचे काम कोचचे.

प्रश्न : ‘आमचे कल्चर भक्कम आहे’ असे जिंकणारा प्रत्येक कोच म्हणतो. ते मोजता येते का? की लॉकर रूमच्या भिंतीवरची नुसती घोषवाक्ये?

उत्तर : मोजता येते आणि चांगले कोच ते दर रविवारी मोजतात. शनिवारच्या सामन्याची फिल्म लावून प्रत्येक खेळाडूचा प्रत्येक स्नॅप (चेंडू मागे देऊन सुरू होणारी एकेक चाल) पाहिला जातो. त्यात ‘लोफ’ मोजतात, म्हणजे अंगचोरपणा. तो कशाला म्हणायचे हे आधी ठरलेले असते. चेंडू दुसऱ्या बाजूला गेला म्हणून वेग कमी करणे हा लोफ. चेंडू आपल्याला ओलांडून गेल्यावर वळून त्याच्यामागे न धावणे, मागच्या सहकाऱ्याने आपल्याला मागे टाकून पुढे जाणे, पडल्यावर रेंगाळत उठणे, टॅकल (चेंडूवाल्याला पाडण्याची संधी) हाताशी असताना अंग काढून घेणे, हेही लोफच. बचावफळी एका सामन्यात साधारण ६० ते ७५ स्नॅप खेळते. लोफ एकूण किती झाले यापेक्षा ते कोणाचे आणि कोणत्या क्वार्टरमधले, हे पाहायचे. चौथ्या क्वार्टरमध्ये सगळ्यांचेच वाढले असतील तर दम कमी पडतोय. बदली खेळाडू लवकर उतरवावे लागतील. पहिल्याच क्वार्टरमध्ये दोन-तीन मोठ्या नावांचे लोफ दिसले आणि त्यांना कोणी जाब विचारला नाही, तर दुखणे खोलवरचे आहे.

फिल्म नसलेल्या प्रेक्षकालाही एक हिशेब करता येतो. संघाला मिळालेल्या दंडांपैकी स्नॅपच्या आधीचे दंड वेगळे काढा: फॉल्स स्टार्ट (आक्रमकाने स्नॅपआधी हलणे), ऑफसाइड (बचावपटूने आधीच रेषा ओलांडणे), डिले ऑफ गेम (वेळेत चाल सुरू न करणे). प्रत्येकाचे पाच यार्ड. होल्डिंगचे (प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवण्याचे) दहा यार्ड जातात, पण ते झटापटीत घडते, कधी कधी जिद्दीपोटीही. फॉल्स स्टार्टला अशी सबब नाही, आणि घरच्या मैदानावर तर मुळीच नाही, कारण आपला संघ आक्रमणाला उभा राहिला की घरचे प्रेक्षक स्वतःच गप्प होतात. घरच्या सामन्यांत असे दंड दर आठवड्याला होत असतील तर मंगळवार-बुधवारच्या सरावात कोणीतरी डोळेझाक करत आहे.

सराव साधारण पाच-पाच मिनिटांच्या ‘पिरियड’मध्ये कापलेला असतो. असे वीस-चोवीस पिरियड होतात, भोंगा वाजला की पुढचा. यातली सर्वांत बोलकी जागा म्हणजे स्काउट टीम. पहिल्या वर्षाचे, रेडशर्ट केलेले (पात्रतेचे वर्ष वाचवण्यासाठी त्या हंगामात न खेळवलेले) आणि शिष्यवृत्ती नसलेले वॉक-ऑन खेळाडू पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली कार्डावर बघून मुख्य संघासमोर खेळतात. त्यांना कोणी विचारत नसेल तर ती मुले अर्ध्या वेगाने खेळतात, मुख्य बचावफळीला सगळे सोपे वाटते आणि शनिवारी खरा वेग समोर आला की पाय अडखळतात. म्हणून शहाणे कोच आपल्या सर्वांत कडक असिस्टंटकडे स्काउट टीम देतात आणि दर आठवड्याला तिथल्या एका खेळाडूचे नाव सगळ्यांसमोर घेतात. शिवाय प्रत्येक सरावात दोन-तीन पिरियड पहिला संघ विरुद्ध पहिला संघ असे ठेवतात.

आता तासांचा हिशेब. एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या नियमाप्रमाणे हंगामात आठवड्याला २० तास, दिवसाला ४ तास आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. मीटिंग, फिल्म आणि व्यायामशाळा त्यात धरतात. सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी ३ तासच धरतात. खेळाडूंनी कोचशिवाय, स्वतःहून एकत्र बसून पाहिलेली फिल्म या २० तासांत येत नाही. चौथ्या वर्षाचा सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) पहिल्या वर्षाच्या कॉर्नरबॅकला (कडेच्या बचावपटूला) रात्री आठला बोलावून पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या फॉर्मेशन दाखवतो का? हे हुकूम सोडून होत नाही. हुकूम सोडला तर ते ‘स्वेच्छेने’ राहत नाही, नियमभंग होतो आणि मुले मनातून तुटतात.

खेळाडूंचे लीडरशिप कौन्सिल जवळपास प्रत्येक संघात असते आणि बऱ्याच ठिकाणी ते शोभेचे असते. दहा ते चौदा जण पुरेत. प्रत्येक पोझिशनच्या खोलीने, म्हणजे एकाच जागेवर खेळणाऱ्यांच्या गटाने, आपला माणूस मतदानाने निवडावा आणि त्यात किमान एक वॉक-ऑन असावा. हेड कोचने आठवड्यातून अर्धा तास फक्त ऐकण्यासाठी बसावे. प्रवासातले नियम, रात्री खोलीवर परतायची वेळ, उशिरा येणाऱ्याचे काय करायचे, असे काही निर्णय खरोखर त्यांच्याकडे सोपवावेत. कोचने आपल्या लाडक्यांनाच निवडले, की ते कौन्सिल कोचचे कान होते आणि बाकीची लॉकर रूम त्यांच्यासमोर तोंड उघडत नाही.

शेवटचा आकडा कोणालाही पाहता येतो: एपीआर, म्हणजे संघाच्या अभ्यासातल्या प्रगतीचे गुण. शिष्यवृत्तीवरच्या प्रत्येक खेळाडूला प्रत्येक सत्रात अभ्यासात पात्र राहिल्याचा एक आणि विद्यापीठात टिकल्याचा एक गुण मिळतो. त्यावरून संघाला १००० पैकी गुण मिळतात. हंगामोत्तर सामने खेळायला चार वर्षांची सरासरी ९३० लागते. ती दरवर्षी घसरत असेल तर भिंतीवर काय लिहिले आहे ते वाचायची गरज नाही.

प्रश्न : इंडियानाने ट्रान्स्फर पोर्टलमधून (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) खेळाडू आणले आणि दोन वर्षांत विजेतेपद पटकावले. मग संघसंस्कृती पैशाने आणि पोर्टलने विकत मिळते, असेच ना?

उत्तर : अर्धेच खरे. सध्याचे कोच कर्ट सिग्नेटी आले त्याआधीच्या, म्हणजे २०२३च्या हंगामात इंडियाना ३-९ होते. सिग्नेटींनी आपल्या आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातून १३ खेळाडू सोबत आणले. आक्रमण आणि बचाव दोन्हींचे कोऑर्डिनेटरही तिथलेच. सराव कसा चालतो, फिल्म कशी तपासतात, उशीर झाला तर काय होते, हे अंगवळणी पडलेली माणसे पहिल्या दिवसापासून मैदानावर होती. नव्या मुलांना कोचच्या भाषणाची वाट पाहावी लागली नाही. शेजारच्या लॉकरवाल्याकडे बघून कळत होते. २०२४ मध्ये ११-२, आणि पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियाहून आलेला फर्नांडो मेंडोझा क्वार्टरबॅक (आक्रमणाचा सूत्रधार) असताना १६-०.

पोर्टल तेच, पण निकाल उलटा, अशी उदाहरणेही समोर आहेत. कोलोरॅडोने २०२३ मध्ये ८०हून अधिक नवे खेळाडू घेतले. सुरुवात ३-० अशी झाली, शेवट ४-८. पुढच्या वर्षी ट्रॅव्हिस हंटर आणि शेड्यूर सँडर्स यांच्या जोरावर ९-४. ते दोघे गेले आणि २०२५ मध्ये ३-९. फ्लोरिडा स्टेटची घसरण तर अंगावर येते. २०२३ मध्ये १३-० असूनही, क्वार्टरबॅक जखमी झाल्यावर, त्यांना प्लेऑफमधून वगळले. ऑरेंज बोल या हंगामोत्तर सामन्यात दोन डझनांहून अधिक खेळाडू उतरलेच नाहीत आणि जॉर्जियाने ६३-३ असे लोळवले. मग दहा खेळाडू एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक लीगच्या निवडीत) गेले, जागा पोर्टलमधून भरल्या आणि २०२४ मध्ये हाती आले २-१०. जुनी फळी गेली तेव्हा तिच्या सवयी पुढे नेणारे मागे कोणी उरले नव्हते, असे आम्ही त्याचे वाचन करतो.

पोर्टलमधून माणसे घेताना काय पाहावे? सिग्नेटी उंची-वेगाच्या आश्वासनापेक्षा खेळून दाखवलेल्या कामगिरीला आधी मोजतात. हा नियम कोणालाही उचलता येतो. दोन हंगाम नियमित खेळलेला मुलगा घ्या. त्याच्या जुन्या कोचला तर विचाराच, पण तिथल्या अथलेटिक ट्रेनरला आणि साहित्य सांभाळणाऱ्या माणसालाही विचारा, कारण कोचसमोर सगळेच नीट वागतात. एका पोझिशनच्या खोलीत निम्म्याहून अधिक नवे नकोत. जानेवारीतच दाखल करून घ्या, म्हणजे हिवाळ्यातला व्यायाम आणि वसंतातले १५ सराव दोन्ही मिळतात. २०२६ पासून पोर्टलची मुख्य खिडकी (नाव नोंदवायची मुदत) २ ते १६ जानेवारी झाल्याने हे जमण्यासारखे आहे.

आणि पैशाचा क्रम चुकवू नका. २०२५-२६ पासून विद्यापीठाला खेळाडूंना थेट पैसे देता येतात. त्या पहिल्या वर्षी सगळ्या खेळांची मिळून मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. आधी टिकून राहिलेल्या खेळाडूंचे करार पूर्ण करा, मग बाहेर पाहा. तीन वर्षे घाम गाळलेल्या गार्डला (आक्रमणाच्या पुढच्या फळीतल्या खेळाडूला) शेजारी नव्याने आलेल्याची रक्कम कळतेच. ती दुप्पट असेल तर पुढच्या खिडकीत तो गार्ड निघून जातो आणि जाताना खोलीतला विश्वासही घेऊन जातो.

प्रश्न : चार आणि पाच तारांकित खेळाडू असल्याशिवाय संस्कृतीचे काय करायचे?

उत्तर : गुणवत्ता लागतेच. (शाळेतून भरती होणाऱ्या खेळाडूंना गुणवत्तेनुसार जास्तीत जास्त पाच तारे दिले जातात.) इंडियानापर्यंत आधुनिक काळातल्या प्रत्येक राष्ट्रीय विजेत्याच्या भरतीत निम्म्याहून अधिक खेळाडू चार-पाच तारांकित होते. इंडियानाकडे ते निम्म्याहून कितीतरी कमी. उलट टेक्सस ए अँड एमची २०२२ची भरती देशात पहिल्या क्रमांकाची होती आणि त्याच वर्षी संघ ५-७ राहिला. आर्मीचे, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी अकादमीच्या संघाचे, उदाहरणही पाहा. तिथल्या कॅडेटना नाव-प्रतिमेच्या हक्कांतून पैसे घेता येत नाहीत आणि पोर्टलची नेहमीची भरती तिथे चालत नाही. तीच मुले वर्षानुवर्षे एकच ऑप्शन आक्रमण (चेंडू कोणी न्यायचा हे चाल सुरू झाल्यावर ठरवण्याची पद्धत) घोटतात. २०२४ मध्ये ते १२-२ राहिले आणि कॉन्फरन्सचे (विद्यापीठांच्या गटाचे) विजेतेपद त्यांनी प्रथमच जिंकले. राष्ट्रीय विजेतेपद याने मिळणार नाही, पण आपल्या गुणवत्तेपेक्षा वरचे खेळता येते.

प्रश्न : मोठ्या सामन्याच्या आधी मुख्य क्वार्टरबॅकने नियम मोडला तर त्याला बसवावे का? एका शिक्षेपायी सगळ्या संघाने हरायचे?

उत्तर : बसवावे. पण शिक्षा हंगामापूर्वीच ठरलेली हवी, सामन्याच्या आदल्या रात्री ठरवलेली नको. नियम पाच-सहाच ठेवा, लेखी ठेवा आणि प्रत्येकापुढे शिक्षा लिहा: वर्ग चुकवला तर पहिला क्वार्टर बाहेर, दुसऱ्यांदा अर्धा सामना, आणि पुढे तशाच चढत्या क्रमाने. सप्टेंबरमध्ये एखाद्या वॉक-ऑनला ती लावली असेल तर नोव्हेंबरमध्ये क्वार्टरबॅकलाही तीच. संघाचे लक्ष नेमके इथे असते.

शिक्षा म्हणून पळवणे, उलटी होईपर्यंत व्यायाम करवणे मात्र पूर्ण बंद. व्यायाम शिक्षेसाठी वापरू नये, असे एनसीएएचे मार्गदर्शन २०१९ पासून स्पष्ट आहे.

शिक्षा पुढे ढकलल्यावर काय होते, ते ओहायो स्टेटने २०१०-११ मध्ये पाहिले. आपल्या वस्तू विकून पैसे आणि टॅटू घेतल्याबद्दल पाच खेळाडूंवर पुढच्या हंगामातल्या पाच सामन्यांची बंदी आली. जानेवारीतला शुगर बोल मात्र त्यांना खेळू दिला. आर्कान्सावर ३१-२६ असा विजय मिळाला. नंतर उघड झाले की हेड कोच जिम ट्रेसल यांना हे प्रकरण महिनोन्‌महिने आधी माहीत होते आणि त्यांनी ते दडवले होते. मे २०११ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, २०१०चे विजय नोंदीतून पुसले गेले, आणि पुढचा हंगाम ६-७. नाव आणि प्रतिमेवर पैसे मिळवायला आज खेळाडूंना परवानगी आहे, त्यामुळे त्या मुलांबद्दल आम्हाला वाईटच वाटते. दडवण्याचे समर्थन तेव्हाही नव्हते, आजही नाही.

प्रश्न : नव्या कोचला किती वर्षे द्यावीत?

उत्तर : तीन. निक सेबन अलाबामाला आले ते पहिले वर्ष, २००७, ७-६ असे गेले. लुइझियाना-मन्रोसारख्या छोट्या संघाने त्यांना २१-१४ असे घरी हरवले. २००९ मध्ये ते १४-० आणि राष्ट्रीय विजेते. कॅन्सस स्टेटला बिल स्नायडर १९८९ मध्ये आले तेव्हा संघाने आधीच्या २७ सामन्यांत एकही विजय मिळवला नव्हता. १-१०, मग ५-६, मग ७-४ अशी चढण होती. आज पोर्टलमुळे दुसऱ्या वर्षीच सुधारणा दिसायला हवी. पहिल्या वर्षी विजय मोजू नका. थोडक्या गुणफरकाने हरलेले सामने, स्नॅपआधीचे दंड आणि किती नियमित खेळाडू सोडून गेले ते मोजा. तिसऱ्या वर्षी मात्र विजय मोजा. तेव्हाही कोच फक्त वातावरणाबद्दल बोलत असेल तर त्याच्याकडे तेही नाही.

प्रश्न : माझ्या मुलाला कॉलेज फुटबॉलसाठी दोन विद्यापीठांकडून बोलावणे आहे. एक संघ सतत जिंकणारा, दुसरा मधला. आई म्हणून मी तिथे जाऊन काय पाहू?

उत्तर : ताई, विजयाचा विचार मुलगा करेलच. तुम्ही दुसऱ्या गोष्टी पाहा.

२९ मे २०१८ रोजी मेरीलँड विद्यापीठात ११० यार्डांच्या दहा धावा चालू असताना जॉर्डन मॅकनेअर हा १९ वर्षांचा लाइनमन उष्माघाताने कोसळला. त्याला थंड पाण्यात बसवले गेले नाही. रुग्णवाहिकेला फोन जायला तासाच्या आसपास वेळ गेला. १३ जूनला तो गेला. चौकशी आयोगाने नंतर नोंदवले की खेळाडू बोलायला घाबरत होते आणि त्यामुळे दोष आतल्या आत वाढत गेले. संघातले वातावरण महत्त्वाचे की विजय, या प्रश्नाचे उत्तर आमच्यापुरते इथेच ठरते.

म्हणून पहिल्याच भेटीत अथलेटिक ट्रेनरला गाठा, कोचच्या गैरहजेरीत. विचारा: सरावाच्या मैदानाशेजारी बर्फाच्या पाण्याचा टब भरून ठेवलेला असतो का? उन्हाळ्यातल्या नुसत्या धावण्याच्या आणि व्यायामाच्या दिवशीही? उष्माघाताची शंका आली तर तापमान कसे मोजता? योग्य उत्तर एकच आहे: गुदद्वारातून; कपाळावर किंवा तोंडात नाही. १०४-१०५ अंश फॅरनहाइटच्या वर तापमान आणि सोबत भ्रम किंवा तोल जाणे दिसले, तर आधी जागच्या जागी बुडवून अर्ध्या तासाच्या आत १०२ पर्यंत उतरवायचे, मग रुग्णालय. ‘आम्ही लगेच रुग्णवाहिका बोलावतो’ एवढेच उत्तर मिळाले तर ते अपुरे आहे.

दुसरा प्रश्न: डॉक्टर आणि ट्रेनर कोणाच्या हाताखाली? मोठ्या कॉन्फरन्सनी २०१६ मध्येच नियम केला की खेळाडू उतरणार की नाही, हा वैद्यकीय निर्णय कोच बदलू शकत नाही. प्रत्यक्षात ट्रेनरची नेमणूक, बढती, मूल्यमापन कोण करते ते विचारा. हेड कोच करत असेल तर नियम कागदावर आहे.

मग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या अशा दोन खेळाडूंशी बोला जे मुख्य संघात नाहीत. कोचने तुमच्यासाठी निवडलेले नकोत. दुखापत झाल्यावर त्यांना कोण भेटायला आले, शेवटचा ‘स्वेच्छेचा’ व्यायाम चुकवला तेव्हा काय झाले, आणि ‘मला चक्कर येतेय’ असे संघात शेवटचे कोण म्हणाले, हे विचारा. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर चटकन यायला हवे, हसत, नाव घेऊन. ते एकमेकांकडे पाहू लागले, तर कपाटात कितीही चषक असले तरी दुसऱ्या विद्यापीठाला होकार कळवा.